सुंठीवाचून जाणारा खोकला

पत्र

डॉक्टर, नमस्कार. माझं वय ५८. गेले साडेपाच महिने कोरडा खोकला आहे. कफ पडत नाही, ताप नाही. घशात कुणी पीस फिरवावं तसं होतं आणि मग जी ढास लागते ती थांबता थांबत नाही. रात्री आडवं झालं की जास्त. नातवाला गोष्ट वाचून दाखवायला बसले तर एक वाक्य धड पुरं होत नाही. आता तोच म्हणतो, ‘आजी, तू नुसती पानं उलट, मी चित्रं बघतो.’ तीन प्रकारची सिरप झाली, अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले, अ‍ॅलर्जीच्या गोळ्या झाल्या. छातीचा एक्स-रे स्वच्छ आहे.

बीपीसाठी सात महिन्यांपासून रॅमिप्रिल घेते. शुगर आहे आणि लघवीतून थोडी प्रथिनं जातात, म्हणून ही गोळी किडनीलाही चांगली असं डॉक्टर म्हणाले होते. बीपीच्या गोळीनंही खोकला होतो असं कुणाकडून तरी ऐकलं, म्हणून न सांगता दहा दिवस गोळी बंद ठेवली. खोकला निम्म्यावर आला, पण गेला नाही. तेवढ्यात बीपी १६८/९८ निघालं. घाबरून गोळी परत चालू केली, तर चार दिवसांत ढास पूर्वीसारखी. मुलगी म्हणते, गोळीमुळे असता तर दहा दिवसांत पूर्ण थांबला असता. बहीण म्हणते, अर्धी गोळी घे. मिस्टरांना बीपीसाठी चार वर्षं टेल्मिसार्टन चालू आहे, त्यांना खोकला नाही. त्यातली घेऊन बघू का? आणि डॉक्टरांना काय सांगू? न विचारता गोळी बंद केली म्हणून रागावतील याची धास्ती वाटते.

आणखी एक, लिहायला संकोच वाटतो. खोकताना लघवीचे थेंब जातात. त्यामुळे बाहेर जाणंच कमी केलंय.

– एक वाचक

उत्तर

ताई, उत्तर तुमच्या पत्रातच आहे, फक्त ते दोन परिच्छेदांत विखुरलंय. पहिल्या परिच्छेदात खोकला साडेपाच महिन्यांचा, दुसऱ्यात गोळी सात महिन्यांची. म्हणजे गोळी सुरू झाली आणि दीड महिन्यानं खोकला आला. तीन सिरप, दोन अँटिबायोटिक, एक एक्स-रे इतकं सगळं झालं, पण या दोन तारखा शेजारी शेजारी लिहून कुणी पाहिल्या नाहीत. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

मी तुम्हाला तपासलेलं नाही, त्यामुळे निकाल देणार नाही. पण संशय कुणावर, असं विचाराल तर बोट त्या गोळीकडेच जातं, आणि बरंच ठामपणे. तुम्ही न सांगता केलेल्या प्रयोगानं तो संशय वाढवलाच आहे.

आधी तुमच्या मुलीशी बोलतो. तिचा तर्क बरोबर आहे, मुदत चुकली. रॅमिप्रिल बंद केल्यावर हा खोकला साधारण एक ते चार आठवड्यांत जातो. काही जणांच्या बाबतीत तीन महिनेसुद्धा लागतात. गोळी शरीरातून निघून जाते, पण महिनोन्‌महिने चिडलेला घसा लगेच शांत होत नाही. दहाव्या दिवशी तुमचा खोकला निम्म्यावर होता, म्हणजे उताराला लागलेला होता. आणि गोळी परत घेतल्यावर चार दिवसांत तो उसळला, हा तर त्याहून मोठा पुरावा. औषध थांबवलं की लक्षण ओसरतं, परत दिलं की परत येतं, याहून सरळ साक्ष औषधांच्या दुष्परिणामांत क्वचितच मिळते. असा प्रयोग कुणी मुद्दाम करावा असं मी म्हणणार नाही. पण झालाच आहे, तर तो वाया घालवू नका.

हे होतं कसं ते थोडं सविस्तर सांगतो, कारण ते कळलं की बहिणीची अर्धी गोळी आणि मिस्टरांची पूर्ण गोळी या दोन्हींची उत्तरं आपोआप मिळतात.

आपल्या शरीरात एक एन्झाइम असतं, त्याचं आखूड नाव एसीई. ते दोन कामं करतं. एक, अँजिओटेन्सिन नावाच्या द्रव्याला असं रूप देतं की त्यानं रक्तवाहिन्या आकसतात आणि बीपी चढतं. दोन, ब्रॅडिकायनिन नावाच्या दुसऱ्या एका द्रव्याचे तुकडे करून ते संपवतं. रॅमिप्रिल या एन्झाइमचे हात बांधते. पहिलं काम थांबतं, बीपी उतरतं, आपल्याला हवं तेच होतं. पण हात बांधले की दुसरं कामही थांबणारच. फुप्फुसांत आणि श्वासनलिकेत ब्रॅडिकायनिन साठायला लागतं, सोबत सबस्टन्स पी नावाचं त्याच जातीचं आणखी एक द्रव्य. तिथल्या ज्या बारीक नसा एरवी धूळ किंवा धूर आत गेला तरच मेंदूला ‘खोक’ म्हणून कळवतात, त्या आता काही आत गेलेलं नसतानाही कळवत राहतात. तुम्ही लिहिलेलं पीस ते हेच. बाहेर काढायला काही नसतंच, म्हणून कफ पडत नाही. जंतू नाहीत, म्हणून अँटिबायोटिकनं फरक पडत नाही. सूज किंवा डाग नाही, म्हणून एक्स-रे स्वच्छ येतो. चोर सोडून संन्याशाला फाशी दिल्यावर चोरी थांबायची कशी?

या ब्रॅडिकायनिनची एक गोष्ट मला फार आवडते. ब्राझीलमध्ये जराराका नावाचा विषारी साप आहे. त्याच्या विषाचा रक्तावर काय परिणाम होतो हे पाहताना १९४९च्या सुमारास मॉरिसिओ रोशा ए सिल्वा आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हे द्रव्य सापडलं. पुढे साठच्या दशकात सर्जिओ फेरेरा यांना त्याच विषात असं काहीतरी मिळालं, की ज्यामुळे ब्रॅडिकायनिनचा असर वाढतो आणि टिकतो. त्याच धाग्यावरून पुढे जात अमेरिकेत कुशमन आणि ओंडेट्टी यांनी १९७५ मध्ये कॅप्टोप्रिल तयार केलं. १९८१ मध्ये तिथं त्याला परवानगी मिळाली. या गटातली ती पहिली गोळी, तुमची रॅमिप्रिल तिच्याच वंशातली. म्हणजे ज्या संशोधनातून हे औषध निघालं, त्याच्या मुळाशीच ब्रॅडिकायनिन वाढवण्याचा गुण होता. खोकला या औषधाला मागून चिकटलेला नाही, तो त्याच्या जन्मापासूनचा सोबती आहे.

आता अर्धी गोळी. बीपीवरचा असर डोसप्रमाणे कमी-जास्त होतो, खोकल्याचं तसं गणित नाही. ज्यांना तो व्हायचा त्यांना अगदी छोट्या डोसवरही होतो. अर्ध्या गोळीनं बीपी अर्धवट आवरेल आणि खोकला पुरा राहील. बहिणीला प्रेमानं नाही म्हणा. कंपनी बदलून किंवा याच गटातली दुसरी गोळी घेऊनही उपयोग होत नाही. एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, पेरिन्डोप्रिल, सगळ्यांच्या नावाचं शेपूट एकच, ‘प्रिल’. एकीनं खोकला झाला तर दुसरीनंही होण्याचीच शक्यता जास्त. एक सावधगिरी: बीपीच्या बऱ्याच गोळ्या जोडगोळ्या असतात, म्हणजे एकाच गोळीत दोन औषधं. स्ट्रिपवर ठळक अक्षरांत कंपनीनं दिलेलं नाव असतं आणि आत काय आहे ते खाली बारीक अक्षरांत. ते बारीक अक्षरातलं वाचा, गरज पडली तर मोबाइलवर फोटो काढून मोठं करून वाचा.

वेगवेगळ्या पाहण्यांत या गटाची गोळी घेणाऱ्या शंभरातल्या साधारण पाच ते वीस जणांना खोकला झाल्याचं दिसतं. बायकांना पुरुषांपेक्षा जास्त होतो. गंमत म्हणजे सिगारेट न ओढणाऱ्यांना ओढणाऱ्यांपेक्षा जास्त होतो (हे वाचून कुणी सिगारेट धरू नये). पहिल्या गोळीनंतर काही तासांत सुरू झाल्याचीही उदाहरणं आहेत, आणि काही महिने मजेत गेल्यावर अचानक सुरू झाल्याचीही. घोळ या उशिरामुळे होतो. नवी गोळी घेतली आणि दुसऱ्या दिवशी अंगावर पुरळ आलं, तर कुणीही गोळीवर संशय घेतो. दीड महिन्यानं खोकला आला तर आपण हवेला, धुळीला, पंख्याला, उशीच्या कापसाला दोष देतो.

डॉक्टरही देतात. माझीच गोष्ट सांगतो. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत एक निवृत्त शिक्षक कोरड्या खोकल्यासाठी माझ्याकडे यायचे. दम्याचा खोकला समजून मी त्यांना तीन महिने इनहेलर दिला. पहिल्या दिवशी मी रीतसर विचारलं होतं, ‘दुसरी काही औषधं चालू आहेत?’ ते म्हणाले होते, ‘छे, काही नाही.’ चौथ्या महिन्यात ते चष्मा विसरून आले आणि मी लिहिलेलं वाचता येईना, म्हणून पत्नीला फोन लावला. पत्नीनं पलीकडून विचारलं, ‘बीपीची गोळी संपत आलीय, तीही लिहून घेता का?’ मी कान टवकारले. म्हटलं, ‘सर, तुम्ही तर काही औषध नाही म्हणाला होतात.’ ते म्हणाले, ‘औषध कसलं, ती बीपीची गोळी आहे.’ एनालाप्रिल होती. बदलल्यावर तीन आठवड्यांत खोकला गेला. रोज सकाळी ब्रश करावा तशी माणसं बीपीची गोळी घेतात, आणि ‘औषधं’ या शब्दात ती मोजतच नाहीत. तेव्हापासून मी ‘औषधं काय घेता’ असं विचारत नाही, ‘सकाळपासून रात्रीपर्यंत तोंडात काय काय टाकता’ असं विचारतो. त्या तीन महिन्यांच्या इनहेलरची मला आजही लाज वाटते.

आता मिस्टरांची टेल्मिसार्टन. तुमचा अंदाज दिशेला बरोबर आहे, पण ती त्यांच्या डबीतून घेऊ नका.

दिशा बरोबर का, ते आधी. ज्यांच्या नावाचं शेपूट ‘सार्टन’ त्या गोळ्या एसीईच्या वाटेलाच जात नाहीत. अँजिओटेन्सिन तयार होऊ देतात, फक्त ते जिथं जाऊन बसतं ती जागा अडवतात. एन्झाइमचे हात मोकळे, त्यामुळे ब्रॅडिकायनिनचा निचरा नेहमीसारखा चालू राहतो आणि घसा शांत राहतो. योगायोग असा, की तुमच्या घरातल्या याच दोन गोळ्यांची एकमेकींशी मोठी तुलना झालेली आहे. ऑनटार्गेट नावाचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. हृदयविकाराचा किंवा मधुमेहाच्या गुंतागुंतीचा धोका असलेले २५,६२० रुग्ण त्यात होते. काहींना रॅमिप्रिल दिली, काहींना टेल्मिसार्टन, काहींना दोन्ही. हार्ट अटॅक, पक्षाघात, हृदयविकारानं मृत्यू यांपासून बचाव करण्यात टेल्मिसार्टन रॅमिप्रिलच्या बरोबरीची ठरली. खोकल्यामुळे गोळी सोडावी लागलेले रॅमिप्रिलच्या गटात ४.२ टक्के होते, टेल्मिसार्टनच्या गटात १.१ टक्के. आणि ज्यांना ही औषधं सोसतच नव्हती त्यांना अभ्यास सुरू होण्याआधीच्या चाचणीत वगळलं होतं, म्हणजे एरवी फरक याहून मोठाच दिसला असता. त्याच्या जोडीचा आणखी एक अभ्यास मुद्दाम ‘प्रिल’ न सोसणाऱ्या लोकांवर केला होता. त्यातल्या बहुतेकांची तक्रार खोकल्याचीच होती. त्यांना टेल्मिसार्टन, तुलनेसाठी दिलेल्या औषध नसलेल्या गोळीइतकीच सहज सोसली.

मग त्यांच्या डबीतून का नको? एक म्हणजे डोस. तुमच्या मिस्टरांचा डोस त्यांच्या बीपीचा आणि त्यांच्या किडनीचा आहे. तुमच्या लघवीतून प्रथिनं जातात, म्हणजे तुमच्या किडनीवर लक्ष ठेवायला हवं. अशी गोळी बदलली की साधारण दोन-चार आठवड्यांत रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते यावरून कळतं) आणि पोटॅशियम तपासायचं असतं. डबीतून गोळी उचललीत तर ही तपासणी कुणी सांगणार नाही. दुसरं कारण जास्त धोक्याचं. माणसं चोरून नवी गोळी सुरू करतात आणि जुनी सोडायला घाबरतात. दोन्ही एकत्र घेतल्यानं काय होतं, तेही ऑनटार्गेटनं दाखवलं. फायदा काडीचा वाढला नाही, उलट बीपी फार उतरणं, चक्कर आणि किडनीचे त्रास वाढले. तेव्हा नवी गोळी लिहून मिळाली की जुनीची उरलेली स्ट्रिप त्याच दिवशी औषधांच्या डब्यातून बाहेर काढा. ‘असू दे, कधी लागली तर’ हा विचार इथं नको.

तर डॉक्टरांकडे जायचं, या आठवड्यातच. तोपर्यंत रॅमिप्रिल चालू ठेवा. तुमचं १६८/९८ नुसतं घाबरून वाढलेलं बीपी नसावं, त्या दहा दिवसांत आवर घालायला गोळीच नव्हती. खोकला त्रास देतो पण दिसतो. न आवरलेलं बीपी त्रास न देता आत काम करत राहतं, आणि शुगर असलेल्या माणसाच्या किडनीवर तर जास्तच. म्हणून या प्रकरणात गोळी ‘बंद’ करायची नसते, ‘बदलायची’ असते. सहसा एक दिवस जुनी थांबते आणि दुसऱ्या दिवशी नवी सुरू होते, मध्ये उघडं राहण्याची वेळच येत नाही. तुमच्या बाबतीत बदली गोळी बहुतेक सार्टन गटातली असेल, कारण लघवीतल्या प्रथिनांसाठी रॅमिप्रिल जे करत होती तेच काम हा गट करतो. अ‍ॅम्लोडिपिननंही खोकला होत नाही आणि बीपी चांगलं उतरतं, पण प्रथिनांच्या बाबतीत ती त्यांची जागा घेऊ शकत नाही. डॉक्टर जोडीला देतील तर गोष्ट वेगळी.

रागावण्याची धास्ती मी समजू शकतो. पण दहा दिवसांची हकीकत लपवलीत तर डॉक्टरांच्या हातातून सगळ्यात उपयोगी माहिती जाते. पाल्हाळ नको. एका कागदावर चार ओळी लिहून न्या: गोळी सुरू झाल्याची तारीख, खोकला सुरू झाल्याचा अंदाजे आठवडा, मधे गोळी बंद ठेवलेले दहा दिवस आणि त्यात खोकल्याचं व बीपीचं काय झालं, परत सुरू केल्यावर कितव्या दिवशी ढास आली. खुर्चीत बसल्या बसल्या तो कागद पुढे करा आणि म्हणा, ‘मी न विचारता दहा दिवस गोळी थांबवली होती, चुकलं. पण त्यात हे दिसलं. ही गोळी बदलता येईल का?’ चांगला डॉक्टर दोन वाक्यं बोलेल आणि तिसऱ्या वाक्याला पेन उचलेल. कागद बघूनही कुणी ‘असं काही नसतं’ म्हणून चौथं सिरप लिहून देत असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला तुम्ही मोकळ्या आहात.

घरी मशीन आहे असं दिसतं, तर भेटीआधी चार-पाच दिवस सकाळ-संध्याकाळ बीपी मोजून त्याच कागदावर लिहा. पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, पाय जमिनीला टेकलेले, दंडाचा पट्टा छातीच्या पातळीला, मोजताना बोलायचं नाही. खोकल्याची उबळ नुकतीच येऊन गेली असेल तर थांबा. त्या क्षणी आकडा वर दिसणारच, तो खरा नव्हे.

गोळी बदलल्यावर दुसऱ्या सकाळी खोकला जाईल अशी आशा धरू नका. आठवड्यानं कदाचित एवढंच लक्षात येईल, की रात्री दोनदा जाग यायची ती एकदाच आली. तेही लिहून ठेवा, कारण हळूहळू कमी होणारी गोष्ट आपल्याला जाणवत नाही. तोवर कपाटातली सिरपं संपवायचा मोह टाळा. मेंदूतला खोकल्याचा आवेग दाबणारी सिरपं या खोकल्यावर फारशी चालत नाहीत. बऱ्याच सिरपांत साखर असते, ती तुम्हाला नको. आणि सर्दी-खोकल्याच्या कितीतरी औषधांत नाक मोकळं करणारं फिनाइलएफ्रिन किंवा स्युडोएफेड्रिन असतं. त्यानं बीपी वाढतं. बीपीच्या गोळीनं झालेला खोकला घालवायला बीपी वाढवणारं सिरप, याला काय म्हणावं! खोकून खोकून बरगड्या दुखत असतील तर आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामकं परस्पर घेऊ नका, तीही बीपी आणि किडनी दोन्हींच्या वाईटावर असतात. पॅरासिटामॉल चालेल का ते डॉक्टरांना त्याच भेटीत विचारा.

समजा, तीन महिने झाले आणि खोकला तसाच आहे. मग माझा संशय चुकला असं म्हणायचं आणि पुढचा शोध घ्यायचा. नाकातून घशामागे उतरणारा स्राव, नुसत्या खोकल्याच्या रूपात येणारा दमा, पोटातलं आम्ल वर येणं, ही तीन कारणं आधी पाहतात. दमा निघाला तर खोकताना घरघर, पहाटेची जाग असं काहीतरी सापडतं. आम्ल असेल तर जेवून लगेच आडवं झाल्यावर वाढतं. थुंकी यायला लागली तर टीबीसाठी ती तपासायची. काही गोष्टींसाठी मात्र तीन महिने सोडाच, तीन दिवसही थांबू नका. थुंकीत रक्त, कारण नसताना वजन घटणं, रोज संध्याकाळी ताप, किंवा आडवं झाल्यावर दम कोंडून उशा वाढवाव्या लागणं आणि पायावर सूज येणं. यातल्या शेवटच्या दोन गोष्टी हृदयाकडे बोट दाखवतात. तुम्ही रात्री आडवं झाल्यावर खोकला वाढतो असं लिहिलंय. या गोळीच्या खोकल्यातही तसं होतं, पण दम लागतो का हा प्रश्न डॉक्टर विचारतील, नीट आठवून सांगा.

आणि एक गोष्ट जी क्वचितच होते, पण माहीत हवी. याच ब्रॅडिकायनिनमुळे हजारात मोजक्या लोकांना ओठ, जीभ, चेहरा किंवा घशाच्या आत अचानक सूज येते. वर्षानुवर्षं गोळी घेतल्यावरही येऊ शकते. शुगरच्या ‘ग्लिप्टिन’ नावाच्या काही गोळ्यांसोबत ही शक्यता थोडी वाढते, तेव्हा तुमची शुगरची गोळी कोणती तेही कागदावर असू द्या. जीभ जड वाटली, आवाज बदलला, गिळता येईना, तर सकाळची वाट न पाहता सरळ इमर्जन्सीत जायचं. पूर्वी कधी असं काही झालं असेल तर नवी गोळी लिहिण्याआधी डॉक्टरांना सांगायलाच हवं.

तुम्ही संकोचानं शेवटी लिहिलेली गोष्ट मी मुद्दाम शेवटाकडे ठेवली, पण ती छोटी म्हणून नव्हे. या खोकल्यात किती बायका हा त्रास सोसतात हे तपासणीच्या खोलीत बसणाऱ्याला कळतं, आणि त्यातल्या बहुतेक जणी विचारल्याशिवाय सांगत नाहीत. खोकताना पोटात दाब अचानक वाढतो. बाळंतपणं आणि वय यांनी सैलावलेले ओटीपोटाच्या तळाचे स्नायू तो दाब पेलू शकत नाहीत. दिवसाला शंभर वेळा असा दणका बसल्यावर थेंब जाणारच. खोकला थांबला की बहुतेकींचं हे पुष्कळ कमी होतं. तोपर्यंत ढास येतेय असं वाटलं की त्याच क्षणी, लघवी मधेच थोपवताना जे स्नायू आवळतो ते आवळून धरा आणि मग खोका. पहिल्या दिवशी जमणार नाही. एरवीही बसल्या जागी तेच स्नायू काही सेकंद आवळायचे, तेवढाच वेळ सोडायचे, असं दिवसातून तीन वेळा दहा-दहा वेळा करा. हे लघवी करताना मात्र करायचं नाही. पाणी कमी पिऊन हा प्रश्न सुटत नाही, बीपीच्या गोळ्या चालू असताना तर शरीर कोरडं पडू देऊच नका. डॉक्टरांना सांगताना लाज वाटली तर कागदावर पाचवी ओळ म्हणून लिहा. तोंडानं म्हणायचीही गरज नाही, ते वाचतील. डॉक्टरांच्या दृष्टीनं गोळी तातडीनं बदलायला हे एकटंच कारण पुरेसं आहे.

खोकला गेल्यावर एक काम उरेल, ते विसरू नका. तुमच्या फाइलच्या पहिल्या पानावर, शुगर-बीपी लिहितात त्याच जागी, डॉक्टरांकडून एक ओळ लिहून घ्या: ‘रॅमिप्रिलनं खोकला झाला, प्रिल गटातलं औषध देऊ नये.’ आणखी सहा-सात वर्षांनी कुठल्यातरी दवाखान्यात, कुठल्यातरी वेगळ्याच कारणासाठी, तुम्हाला न ओळखणारा एखादा तरुण डॉक्टर चांगल्या हेतूनं एनालाप्रिल लिहील. तेव्हा तुम्हाला आजच्या तारखा आठवत नसतील.

नातवाला सांगा, अजून दोन-तीन आठवडे चित्रं बघ.